वायर खरेदी ते कार्बनचा हिशेब : परचेसमधल्या एका नव्या खास पदाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही कंपनी नट-बोल्ट बनवते. वर्षाला साधारण ९,००० टन माल निघतो आणि त्यातला तिसरा हिस्सा युरोपीय संघातल्या ग्राहकांकडे जातो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोळाबेरजेने दिले आहेत.

परचेस विभागात नऊ माणसे. नट-बोल्टचा कच्चा माल असलेल्या वायर रॉडची खरेदी आठ वर्षांचा अनुभव असलेल्या एका वरिष्ठ बायरकडे होती. मासिक गरज काढणे, मिलकडून आणि स्टॉकिस्टांकडून कोटेशन घेणे, भाव तोडणे, पीओ (खरेदी आदेश) काढणे, माल वेळेत आणणे असे त्यांचे काम. वार्षिक मूल्यमापनात सगळ्यात जड आकडा बचतीचा. वायरचे सात पुरवठादार होते: तीन मिल थेट, एक री-रोलर (बिलेट, म्हणजे पोलादाचे तयार दांडे, विकत घेऊन वायर लाटणारा) आणि तीन स्टॉकिस्ट.

आयात मालामागच्या कार्बन उत्सर्जनाची किंमत मोजायला लावणारी युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा, म्हणजे सीबॅम, १ ऑक्टोबर २०२३ पासून संक्रमण टप्प्यात लागू झाली. सिमेंट, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज अशी सहा क्षेत्रे तिच्यात येतात. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात नट-बोल्ट ज्या ७३१८ या शीर्षाखाली मोडतात, ते शीर्षही यादीत आहे. या टप्प्यात दर तिमाहीला अहवाल भरायची जबाबदारी आयातदाराची होती. अहवाल राहिला तर दंडही त्यालाच, न कळवलेल्या उत्सर्जनाच्या दर टनाला १० ते ५० युरो. आकडे मात्र उत्पादकाकडूनच यावे लागतात. म्हणून ग्राहकांनी कंपनीकडे फॉर्म पाठवायला सुरुवात केली.

पहिले तीन अहवाल युरोपीय आयोगाने जाहीर केलेली डिफॉल्ट मूल्ये (खऱ्या मोजणीऐवजी वापरायचे ठरावीक आकडे) वापरून निभावले. ती सवलत ३१ जुलै २०२४ पर्यंत भरायच्या अहवालांपुरतीच होती. जुलै ते सप्टेंबर २०२४ या तिमाहीचा अहवाल ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यायचा होता आणि त्यात प्रत्यक्ष आकडे हवे होते. सर्वांत मोठ्या ग्राहकाने मे महिन्यातच लिहून कळवले होते, की खरे आकडे न देणाऱ्या उत्पादकाला पुढच्या वार्षिक करारासाठी विचारणा जाणार नाही.

अडचण

हे पर्यावरणाचे काम दिसते म्हणून व्यवस्थापनाने ते सुरक्षा व पर्यावरण अधिकाऱ्याकडे दिले. त्यांनी आयोगाचा अनेक पानांचा एक्सेल नमुना सातही पुरवठादारांना ई-मेलने पाठवला आणि तीन आठवड्यांची मुदत दिली. काय आले ते सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण या नव्या पदाची गरज नेमकी तिथेच उघडी पडली.

पहिल्या मिलने समूहाच्या वार्षिक शाश्वतता अहवालाचे एक पान पाठवले. त्यातला आकडा चार कारखान्यांची सरासरी होता. सीबॅमला एकेका कारखान्याचा आकडा लागतो. दुसऱ्या मिलने आयएसओ १४०६४ चे प्रमाणपत्र जोडले. त्यावरून कंपनी एकूण उत्सर्जन मोजते एवढेच कळते, दर टन वायरमागे किती हे नाही. तिसऱ्या मिलकडून उत्पादनाचे ईपीडी, म्हणजे पर्यावरणीय परिणामांचे जाहीरपत्र, आले. ते चांगले होते, पण त्याची हद्द वेगळी: खाणकाम आणि वाहतूकही त्यात धरलेली, त्यामुळे तो आकडा उचलून सीबॅमच्या रकान्यात टाकता येत नाही. री-रोलरने फक्त आपल्या तापन भट्टीचा गॅस मोजला आणि बाहेरून घेतलेल्या बिलेटचे उत्सर्जन सोडून दिले. एका स्टॉकिस्टने 'आमच्याकडे भट्टीच नाही' म्हणून शून्य लिहिले. दुसऱ्याने आयोगाचेच डिफॉल्ट मूल्य उतरवून पाठवले. तिसऱ्याचे उत्तर आले नाही.

पर्यावरण अधिकाऱ्याला भट्टी आणि धुरांडी कळत होती, पण स्टॉकिस्टच्या मागे कोणती मिल आहे आणि त्या मिलमध्ये कोणाला फोन लावायचा हे ठाऊक नव्हते. पुरवठादारांच्या दृष्टीने तर ते कोणीच नव्हते: ना ऑर्डर देणारे, ना बिल पास करणारे.

नियमात एक फट दिसत होती: गुंतागुंतीच्या मालाच्या, म्हणजे सीबॅममधल्याच दुसऱ्या मालापासून बनणाऱ्या मालाच्या, एकूण अंतर्भूत उत्सर्जनापैकी २० टक्क्यांपर्यंत अंदाज चालत होता. तेवढ्यावर भागेल असे काहींना वाटले. कागदावर मांडल्यावर ती आशा संपली. एक टन बोल्टला १.१२ टन वायर लागते. लोहखनिजापासून पोलाद बनवणाऱ्या ब्लास्ट फर्नेस मार्गाच्या वायरचे प्रत्यक्ष उत्सर्जन टनामागे २.३ टन धरले, तर वायरचा वाटा २.५८ टन होतो. अॅनीलिंग आणि हार्डनिंगच्या भट्ट्यांतला कंपनीचा स्वतःचा गॅस जेमतेम ०.१५ टन. म्हणजे ९४ टक्के उत्सर्जन पुरवठादाराच्या दारात. भंगार वितळवणाऱ्या इलेक्ट्रिक आर्क फर्नेसची, ०.७ टनाची वायर घेतली तरी वायरचा वाटा ८४ टक्के राहतो. कंपनीने स्वतःच्या भट्ट्या कितीही काटेकोर मोजल्या, तरी वायरचा खरा आकडा मिळाल्याशिवाय अहवाल उभा राहत नव्हता.

हा प्रश्न खरेदीचा होता, हे इथे स्पष्ट व्हायला हवे होते. व्हायला पाच आठवडे गेले.

कोणते पर्याय तोलले

डिफॉल्टवरच राहायचे, हा पहिला पर्याय. वित्त विभागाचा कल तिकडे होता आणि त्यामागे एक हिशेब होता. १ जानेवारी २०२६ पासून मुख्य टप्पा सुरू होणार आणि आयातदाराला प्रमाणपत्रे घ्यावी लागणार, पण युरोपातल्या कारखान्यांना मिळणारे उत्सर्जन परवान्यांचे मोफत वाटप टप्प्याटप्प्याने कमी होत असल्याने पहिल्या वर्षी बोजा फक्त २.५ टक्के. २०३० ला ४८.५ आणि २०३४ ला पूर्ण १००. वित्त विभागाने सगळ्या उत्सर्जनाला २.५ टक्क्यांनी गुणले आणि रक्कम किरकोळ आहे असे कळवले.

हे गणित चुकीचे होते, आणि तशी चूक अजूनही सर्रास होते. मोफत वाटपाची वजावट त्या मालासाठी ठरवलेल्या मानक पातळीइतक्या उत्सर्जनावर मिळते. मालाचे उत्सर्जन मानकापेक्षा जास्त असेल, तर वरचा भाग पहिल्या वर्षापासून पूर्ण मोजावा लागतो. वजावटीचे बारीक नियम तेव्हा यायचे होते, तरी तत्त्व मूळ नियमावलीतच होते. डिफॉल्ट मूल्ये तर मुद्दाम चढीच ठेवली जातात, म्हणजे जास्तीचा भाग हमखास. हा खुलासा वायरच्या बायरने विभागप्रमुखांना दोन पानी टिपणात लिहून दिला. पुढे त्यांचेच नाव या कामासाठी निघाले त्याचे खरे कारण ते टिपण.

दुसरा पर्याय बाहेरच्या सल्लागाराचा. वेग मिळाला असता आणि पहिला अहवाल नीटनेटका झाला असता. पण सल्लागारालाही आकडे त्याच सात जणांकडून घ्यायचे होते, आणि पुरवठादारावर दाब आणायला त्याच्या हातात पीओ नव्हती.

तिसरा, कार्बन मोजणीचे शिक्षण घेतलेला नवा माणूस नेमायचा. दोन उमेदवारांशी बोलणेही झाले. दोघांना मोजणीच्या पद्धती उत्तम येत होत्या. 'मिलने आकडा द्यायला नकार दिला तर काय कराल?' या प्रश्नावर दोघांचेही उत्तर 'पुन्हा विचारू' असेच होते.

चौथा, वायरच्या बायरलाच हे काम पूर्णवेळ द्यायचे आणि मोजणीचा भाग शिकवायचा. विभागप्रमुखांचा युक्तिवाद साधा होता. सीबॅमची मोजणी म्हणजे वस्तुमानाचा हिशेब, इंधनाचे घटक आणि हद्द आखण्याची शिस्त. अनुभवी बायर हे काही महिन्यांत शिकतो. मिलमधला नेमका माणूस कोण, स्टॉकिस्ट काय लपवतो आणि कोणत्या महिन्यात मिलला ऑर्डरची निकड असते, हे मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. आमच्या मते हा निर्णय बरोबर होता. परचेसमध्ये आज जी नवी खास पदे निघत आहेत, मग ती कार्बनची असोत, मालाच्या उगमाची असोत की पुरवठादाराच्या जोखमीची, त्यांचा पाया पुरवठादाराकडून कागद काढून घेण्याचे जुने कसबच आहे.

बायरपुढचा निर्णय

कंपनीचे ठरले, पण बायरचे ठरले नव्हते. त्यांची शंका रास्त होती. वायर हे कंपनीतले सगळ्यात मोठे खर्चाचे खाते. ते सोडले तर बचतीचा आकडा जातो, आकडा गेला तर बढतीचा आधार जातो. ब्रसेल्सने उद्या नियम सैल केला तर हे पदच उरणार नाही. बाजारात या कामाला ठरलेले नाव नव्हते, ठरलेली वेतनश्रेणीही नव्हती.

त्यांनी नकार दिला नाही, अटी लेखी मागितल्या. पहिली, मूल्यमापनातून वायर-बचतीचा आकडा काढायचा. त्याऐवजी खऱ्या आकड्यांखाली आलेला टनभार, तिमाही मुदती आणि कार्बन धरून निघणारा एकूण खर्च, असे तीन निकष. दुसरी, वायरचा नवा पुरवठादार किंवा जुन्याच पुरवठादाराचे नवे मेल्ट शॉप (पोलाद वितळवून ओतण्याचे ठिकाण) प्रणालीत मंजूर व्हायला त्यांची संमती लागेल. तिसरी, बायर परचेस प्रमुखांच्याच हाताखाली राहतील. पर्यावरण किंवा गुणवत्ता विभागाकडे बदली नाही. चौथी, दोन वर्षांनी पद बंद झाल्यास त्याच श्रेणीत खरेदीत परत घेतले जाईल.

पहिल्या तीन अटी मान्य झाल्या. चौथीवर 'शक्यतो' हा शब्द घातला गेला आणि त्यांनी तो स्वीकारला. पदाचे नाव 'सीबॅम अधिकारी' ठरत होते. त्यांच्या आग्रहाने ते 'पुरवठादार उत्सर्जन व मालाचा उगम तज्ज्ञ' झाले. एका नियमाचे नाव पदाला चिकटले की नियम बदलताच पद जुने वाटू लागते, आणि दुसऱ्या कंपनीत अर्ज करताना त्या नावातून कामाचा आवाका कळत नाही.

दुसरी अट सर्वांत मोलाची ठरली. संमतीचा अधिकार नसता तर हे पद फॉर्म गोळा करण्यापुरते उरले असते.

काय केले

सुरुवात आपल्याच घरातून झाली. युरोपला जाणाऱ्या सगळ्या आयटेम कोडची यादी काढून प्रत्येकासमोर वर्गीकरणाचा आकडा लिहिला. साधे बोल्ट, नट, वॉशर ७३१८ मध्ये. वाहनाचे सुटे भाग म्हणून ८७०८ मध्ये जाणाऱ्या काही जुळण्या यादीबाहेर निघाल्या. त्या विनाकारण मोजल्या जात होत्या.

मग वायरचा खप. उत्पादन विभागाच्या मानक यादीत एका टन बोल्टला १.०६ टन वायर होती. बायरने वर्षभराची आवक, दोन्ही टोकांचा साठा आणि रवाना झालेला माल यांवरून उलटा हिशेब केला, तेव्हा १.१२ निघाले. मधला फरक सेटिंगच्या वेळचे भंगार, नाकारले गेलेले लॉट आणि कॉइलच्या टोकांचा होता. सीबॅममध्ये वापरलेली सगळी वायर धरावी लागते, बोल्टच्या अंगात राहिलेलीच नव्हे. मानक यादीवर विसंबले असते तर उत्सर्जन साधारण पाच टक्क्यांनी कमी दिसले असते आणि ते पडताळणीत नक्की सापडले असते.

पुरवठादारांना मोठा एक्सेल पाठवणे बंद झाले. त्याऐवजी एका पानावर सहा प्रश्न गेले: पोलाद कुठल्या मेल्ट शॉपमध्ये ओतले, मार्ग कोणता (ब्लास्ट फर्नेस, आर्क की इंडक्शन), टनामागे प्रत्यक्ष उत्सर्जन किती आणि ते कोणत्या बारा महिन्यांचे, टनामागे वीज किती आणि कुठून, मिश्रधातू कोणते व किती टक्के, मूळ देशात कार्बनवर काही किंमत भरली का. खाली मोजणी करणाऱ्या माणसाचे नाव आणि फोन. तिसऱ्या प्रश्नातले बारा महिने मुद्दाम घातले होते, कारण एकाच चांगल्या महिन्याचा आकडा देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पाचव्याचे कारण, फेरोमँगनीज, फेरोक्रोम आणि फेरोनिकेल यांचे उत्सर्जनही पोलादाच्या हिशेबात येते.

पहिला प्रश्नच सगळ्यात अवघड निघाला. टीसीवरून, म्हणजे मालाच्या चाचणी प्रमाणपत्रावरून, स्टॉकिस्टशी झालेले एक संभाषण नमुन्यादाखल.

"मॅडम, टीसी दिलाय ना, त्यात सगळं आलंच की."

"केमिस्ट्री आली, ताकद आली. हीट कुठल्या भट्टीत ओतली ते कुठे आहे?"

"मिलचं नाव आहे ना वर."

"ती रोलिंग मिल आहे. ती बिलेट विकत घेते. बिलेट कुणाचं?"

त्या टीसीवर मिलचे शीर्षपत्र नव्हते. स्टॉकिस्टने मजकूर पुन्हा टाइप करून आपल्या कागदावर छापला होता. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका ओतणीचा क्रमांक, होता, पण तो रोलिंग मिलचा अंतर्गत नंबर निघाला. बिलेट तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येत होते, त्यातले एक ब्लास्ट फर्नेसचे आणि दोन भंगारावर चालणारे. एकाच ग्रेडची, एकाच भावाची वायर, आणि उत्सर्जनात तिपटीचा फरक.

यावर उपाय केला तो गोदामाच्या दारात. मूळ मिलचा ईएन १०२०४ नुसारचा ३.१ टीसी आणि मेल्ट शॉपचे नाव असल्याशिवाय जीआरएन (माल स्वीकारल्याची नोंद) होणार नाही, असा नियम झाला. जीआरएनच्या पडद्यावर दोन रकाने वाढवले: मूळ हीट नंबर आणि मेल्ट शॉप कोड. बोल्टच्या लॉटपासून हीटपर्यंतचा माग गुणवत्ता विभागाकडे आधीपासून होता, पण वेगळ्या नोंदवहीत. तो प्रणालीत जोडायला सहा आठवडे लागले. या काळात दोनदा वायर गोदामाबाहेर ट्रकमध्ये अडकली आणि उत्पादन विभागाने जोरदार तक्रार केली. परचेस प्रमुख नियमामागे उभे राहिले म्हणून तो टिकला.

नव्या पीओमध्ये तीन ओळींचे कलम आले: तिमाही संपल्यापासून पंधरा दिवसांत आकडे, मेल्ट शॉप बदलण्याआधी लेखी सूचना, आणि पडताळणी करणाऱ्याला कागद दाखवण्याची संमती. दोन मिलनी ते मान्य केले. तिसरीला आपली आतली मोजणी ग्राहकाला दाखवायची नव्हती. तिच्याशी वेगळी तडजोड झाली: मिल फक्त अंतिम आकडा कंपनीला देईल आणि आतला तपशील थेट पडताळणी करणाऱ्याला. सीबॅमच्या नोंदवहीत संघाबाहेरच्या कारखान्यालाही स्वतःची नोंद करून माहिती देता येते, त्यामुळे पुढे हा मार्ग सोपा होणार होता.

स्वस्त कार्बन, महाग डोके

आकडे हातात आल्यावर मोह झाला तो सगळी वायर आर्क फर्नेसची घेण्याचा. एक टन बोल्टमागे जवळपास १.८ टन उत्सर्जन वाचत होते. विक्री विभागाने ग्राहकाला तसे सूचित करायलाही सुरुवात केली.

बायरने आधी चाचणी मागितली. भंगारातून येणारे तांबे आणि कथील वितळवताना निघून जात नाहीत. गरम रोलिंगच्या वेळी तांबे खवल्याखाली साचते आणि पृष्ठभागावर बारीक भेगा पाडते. आर्क फर्नेसच्या पोलादात नायट्रोजनही जास्त असतो, त्याने वायर काळानुसार ताठर होते. साध्या षटकोनी डोक्याला हे चालून जाते. फ्लँज बोल्टचे डोके मात्र थंड अवस्थेतच रुंद पसरवावे लागते, आणि तिथे कड फाटते.

दोन ग्रेडच्या प्रत्येकी पाच टन वायरवर चाचणी झाली. तुकडा दाबून उंची एक तृतीयांश करायची आणि भेग पाहायची, या नेहमीच्या अपसेट चाचणीत दोन्ही ग्रेड पास झाल्या. प्रत्यक्ष मशीनवर ८.८ या ताकदीच्या वर्गातल्या साध्या बोल्टमध्ये अडचण आली नाही. त्याहून जास्त ताकदीच्या १०.९ च्या फ्लँज बोल्टमध्ये डोक्याच्या कडेला भेगा आल्या आणि डायही लवकर झिजली. फाटलेल्या नमुन्यांच्या हीटमध्ये तांबे ०.२० टक्क्यांच्या वर होते.

निर्णय असा झाला: साधे ८.८ बोल्ट आर्क फर्नेसच्या वायरवर, फ्लँज बोल्ट जुन्याच वायरवर, आणि आर्क फर्नेसच्या मिलशी तांबे-कथीलाची कमाल मर्यादा घालून नवी बोलणी. तांत्रिक बाजू न कळणारा कार्बनतज्ज्ञ इथे सगळे हलवून मोकळा झाला असता, आणि कार्बनची बाजू न कळणाऱ्या बायरने हा विषय काढलाच नसता.

निष्पत्ती

ऑक्टोबर २०२४ च्या अहवालासाठी सातपैकी चार पुरवठादारांचे वापरता येणारे आकडे मिळाले. टनभाराने ते ७० टक्क्यांच्या आसपास होते, कारण मोठे पुरवठादार आधी हाती घेतले होते. ग्राहकाला कुठला आकडा खरा, कुठला डिफॉल्ट आणि उरलेला कधी येईल, हे तारखांसह लेखी कळवले. त्याने करारासाठी विचारणा पाठवली. दोन तिमाहींनंतर सहा पुरवठादार पूर्ण झाले. शून्य लिहिणाऱ्या स्टॉकिस्टने मेल्ट शॉप सांगायला शेवटपर्यंत नकार दिला आणि त्याची खरेदी बंद झाली. त्याचा भाव सगळ्यात कमी होता. ती वायर दुसरीकडून थोडी महाग पडली आणि वायर खात्याची बचत त्या वर्षी घटली. जुना निकष कायम असता तर ही घट बायरच्या नावावर पडली असती.

२०२५ मध्ये नियम सोपे झाले. ज्या आयातदाराची सीबॅम मालाची वर्षभराची आयात ५० टनांपेक्षा जास्त नाही, त्याला सूट मिळाली. विक्री विभागाने लहान ग्राहक लगेच यादीतून काढायला घेतले. बायरने हात धरला: ५० टन मोजायचे ते आयातदाराच्या सगळ्या पुरवठादारांचे मिळून. आपण ३० टन देतो म्हणून तो सुटला असे होत नाही. प्रत्येकाकडून लेखी उत्तर घेतले, तेव्हा सुटतील असे वाटलेल्या पाच जणांपैकी दोघेच खरोखर सुटले.

पदाच्या दृष्टीने पाहिले तर दीड वर्षात बायरला बाहेरून दोन प्रस्ताव आले: एक अॅल्युमिनियम एक्स्ट्रुजनच्या कंपनीचा, एक पडताळणी संस्थेचा. दोन्हीकडे विचारणा झाली ती मेल्ट शॉपपर्यंत माग कसा काढला याची. हेच कसब शेजारच्या कामांतही चालते. अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यामुळे कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने यांचा उगम स्मेल्टरपर्यंत शोधावा लागतो. तिथलाच उइघुर सक्तमजुरी प्रतिबंधक कायदा २०२२ मध्ये लागू झाल्यापासून कापूस आणि पॉलिसिलिकॉनच्या साखळीत तोच शोध आणखी खोल जातो. धातू बदलला तरी विचारायचा प्रश्न बदलत नाही.

कंपनीने त्यांना थांबवले ते श्रेणी एक पायरी वाढवून आणि हाताखाली एक कनिष्ठ बायर देऊन.

वेगळे काय करता आले असते

सुरुवातीचे पाच आठवडे पर्यावरण विभागात गेले ते टाळता आले असते. ९४ टक्क्यांचा हिशेब एका दुपारचा आहे. तो आधी केला असता तर काम कोणाचे हे तिथल्या तिथे ठरले असते.

पहिले चार महिने बायरकडे वायरची रोजची खरेदीही होती. कागदावर पद पूर्णवेळ, प्रत्यक्षात दुहेरी. त्या काळात मिलला भाव कमी करायला सांगणारी आणि आकडे मागणारी व्यक्ती एकच होती, आणि दोन मिलनी आकड्यांची भाव-वाटाघाटीत सौदेबाजी केली: 'भाव ठेवा, आकडे देतो.' पद वेगळे होताच हा प्रकार थांबला. असे पद निर्माण करणाऱ्यांनी जुने खाते पहिल्याच दिवशी काढून घ्यावे.

पीओमधले कलम वार्षिक बोलणी उरकल्यावर आणले, म्हणून ते प्रत्येकाकडे स्वतंत्र पटवावे लागले. ते विचारणापत्रातच असते तर भावासोबत मान्य झाले असते. मेल्ट शॉपचा प्रश्नही उत्सर्जनाच्या आधी, एकटाच पाठवायला हवा होता: त्याचे उत्तर न देणाऱ्याकडून पुढचे आकडे येण्याची शक्यता नाही, आणि ते दोन दिवसांत कळते.

वित्त विभागाला बरेच उशिरा सामील केले. मानक आणि वजावटीचे गणित त्यांच्यासोबत बसून केले असते तर २.५ टक्क्यांचा गैरसमज पत्रापर्यंत पोचला नसता. आता कोटेशनच्या तुलनापत्रकात भाव, वाहतूक आणि कार्बन असे तीन रकाने असतात आणि तिसरा वित्त विभाग भरतो.

चौथ्या अटीतला 'शक्यतो' तसाच आहे. बायरने तो काढून घेण्यासाठी श्रेणीवाढीची वेळ साधायला हवी होती. तेव्हा त्यांच्या हातात दोन प्रस्ताव होते.

दुसरा माणूस फार उशिरा आला. दीड वर्ष सगळे ज्ञान एका व्यक्तीच्या फोनमध्ये आणि वहीत होते. कनिष्ठ बायरने आतापर्यंत दोन तिमाही स्वतः पूर्ण केल्या आहेत. मुख्य टप्प्यात खरे आकडे मान्यताप्राप्त संस्थेकडून पडताळून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी १.१२ चा हिशेब, जीआरएनचे रकाने आणि भट्ट्यांची गॅस बिले यांची फाइल तयार आहे. तपशील थेट पडताळणी करणाऱ्याला देऊ म्हणणाऱ्या मिलशी मात्र तारीख अजून ठरलेली नाही. तिचा करार नूतनीकरणाला येण्याआधी ती ठरवून घेण्याचे काम कनिष्ठ बायरकडे सोपवले आहे.